रामाची आजी वऱ्हाडची

अकोला,
चैत्र वद्य तृतीया

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

रामनवमीला दुपारी तुझा फोन आला तेव्हा जन्म होऊन गेला होता, पाळण्याची दोरी मी नुकतीच शेजारच्या सुनेच्या हाती दिली होती आणि सुंठवडा वाटायला बसले होते. तू विचारलंस, "आजी, ज्यानं पोटुशी बायको रानात सोडली, त्याचा पाळणा तू कसा गं हलवतेस?" मी पदराला हात पुसून नीट बोलायला लागणार, तोच "बस आली, रात्री बोलू," म्हणून फोन बंद. रात्री तू दमून झोपली असशील म्हणून मीही केला नाही. बसच्या पायरीवर उभं राहून सुटावा असा हा प्रश्न नाहीच, म्हणून हे पत्र.

चार दिवस झाले, थोडं थोडं लिहिते आहे. पहाटे साडेचारला उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते आणि चहाचा कप घेऊन ओसरीवर बसते. आपल्या अकोल्यात चैत्रातच दहा वाजले की हात कागदाला चिकटायला लागतो, त्यामुळे लिहायचं ते उन्हाच्या आधी. तूही पहाटे उठून पाहा गं कधी. त्या वेळचं मन निवळलेल्या पाण्यासारखं असतं, तळ दिसतो. (कॉलेजच्या परीक्षांचा अभ्यास रात्री जागून करतेस ते मला ठाऊक आहे, त्यावर मी बोलत नाही.)

तुझ्या प्रश्नाचा राग आला नाही, हे आधी सांगते. कुणा परक्या लेकीचं दुःख तुला टोचलं, हे तुझं चांगलं मन. ते तुझ्याकडे आहेच, त्याची काळजी मला कधी वाटली नाही. प्रश्न विचारलास आणि उत्तराला थांबली नाहीस, एवढंच मनाला लागून राहिलं.

आता ऐक. तू रामाला लांबचा, अयोध्येचा कुणी राजा समजतेस, पण तो नात्यानं आपला आहे. रामाची आजी आपल्या वऱ्हाडची. दशरथाची आई इंदुमती, ती विदर्भाच्या भोज राजाची बहीण, असं कालिदासानं रघुवंशात सांगितलंय. तिचं स्वयंवर झालं, सुनंदा नावाची प्रतिहारी एकेका राजाचं वर्णन करत तिला पुढे पुढे नेत गेली, आणि इंदुमतीनं माळ घातली ती रघूच्या मुलाला, अजाला. हे सगळं ज्या कुंडिन नगरीत झालं, ती म्हणजे आपल्या तिवसा तालुक्यातलं, वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. आपण दोघी गेलो होतो बघ, तू पाचवीत होतीस आणि नदीत पाय सोडून बसली होतीस, उठायचं नावच नाही. तुला तिथं रुक्मिणीचं माहेर म्हणून नेलं होतं, कारण तिची पालखी दर आषाढीला तिथून पंढरपूरला जाते. पण त्या एका गावाच्या नावानं किती लेकी सांगतात! रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा, इंदुमती, आणि सगराची राणी केशिनी. केशिनी विदर्भाची, हे तर खुद्द वाल्मीकींनीच लिहिलंय, आणि सगर हा रामाचा पूर्वज. म्हणजे रामाच्या कुळात आपल्याकडचं रक्त दोनदा गेलं.

इंदुमतीची पाठवणी करताना कुंडिनचा राजा अजाबरोबर तीन मुक्काम गेला आणि मग माघारी फिरला, असं कालिदास सांगतो. लेक देताना तीन मुक्काम! आम्ही तुला पुण्याला सोडायला आलो तेव्हा तुझे बाबा स्टेशनबाहेर अर्धा तास नुसते उभे होते, ते मला हे वाचताना आठवलं.

पण ही इंदुमती फार जगली नाही. आकाशातून एक फुलांची माळ तिच्या अंगावर पडली आणि तेवढ्यानं तिचा जीव गेला. अजाला तिच्यामागे जायचं होतं, पण दशरथ लहान होता, म्हणून त्यानं आठ वर्षं कशीबशी काढली, पोरगा कवच घालण्याजोगा झाला आणि मग त्यानं देह ठेवला. म्हणजे दशरथ आईवाचून वाढला, आणि रामाला आजी दिसलीच नाही. कुशीत घेऊन गोष्ट सांगायला, घाईनं काही करायला निघाला की "थांब रे बाळा, आधी भाकर खा, मग बघू" म्हणायला त्याच्या घरात बापाची आई नव्हती. हे मी लक्षात ठेवलंय, तूही ठेव, पुढे लागेल.

रामाची भक्ती आपल्याकडे फार जुनी. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तू महानुभावांचं स्थान म्हणून पाहिलंस. तिथं एक ताम्रपट सापडलाय, वाकाटकांच्या प्रभावतीगुप्ता राणीचा, पाचव्या शतकातला. चंद्रगुप्त विक्रमादित्याची ही लेक, आपल्या विदर्भात सून म्हणून आली, तरुणपणी नवरा गेला, आणि मुलं लहान होती म्हणून राज्य तिनंच सांभाळलं. त्या ताम्रपटात ती स्वतःला मुलानातवंडांची म्हणवते आणि दान देते ते रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून. रामगिरी म्हणजे आजचं रामटेक. मेघदूतातला यक्ष ज्या टेकडीवर रघुपतीच्या पाऊलखुणा पाहत बसला, तीच ही असं मानतात. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात एक आजी रामाच्या डोंगराशी बसून ब्राह्मणांना जमिनी देत होती, हे वाचलं तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू.

तिच्याच मुलाच्या, दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे काव्य आहे, महाराष्ट्री प्राकृतातलं, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतलं. आणि त्या काव्याची सुरुवात कुठून होते? धनुष्य मोडण्यापासून नाही, वनवासापासून नाही. पावसाळा कसाबसा सरला, शरद आला, रामानं ते महिने कसे काढले त्याचे त्यालाच ठाऊक, इथून. थांबणं संपलं तिथून त्या राजानं गोष्ट उचलली.

हे थांबणं मला लहानपणी कळत नव्हतं. आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजत नसे त्यात. गोडं पाणी लांबून आणायचं, आणि ते एका तांब्याच्या घागरीत देवघराशेजारी झाकून ठेवलेलं. पेला भरून घेतला आणि अर्धा सांडला तर आई बोलत नसे, नुसती बघत असे, आणि ते बघणं पुरायचं. तुझ्या खोलीतला नळ ठिबकतो म्हणालीस ना मागे, वायसर बदलून घे बाई. त्याच घरात चातुर्मासात संध्याकाळी माझे वडील श्रीधरस्वामींचा 'रामविजय' वाचायचे. चाळीस अध्याय, रोज एक. शेजारच्या बाया वाती वळत ऐकायला बसत, आपल्या शेतातल्याच कापसाच्या वाती. मला रावणाची लढाई हवी असायची. मी म्हणायची, "बाबा, आज दोन वाचा." ते पोथी फडक्यात बांधत म्हणत, "राम चार महिने थांबला, तुला एक रात्र थांबवत नाही?" कंदिलाची वात खाली करत आणि उठत.

चार महिने म्हणजे काय ते मोठेपणी कळलं. सीता नेलेली, ती कुठे आहे, जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, सुग्रीवाला राज्य मिळालेलं, आणि राम त्याला सांगतो की श्रावण लागला, आता चाल करायचे दिवस नाहीत, तू घरी जा, कार्तिकात निघू. आणि स्वतः मात्र गावात जात नाही, प्रस्रवण डोंगरावरच्या गुहेत लक्ष्मणाबरोबर पाऊस बघत बसतो. रडतो, लक्ष्मणाजवळ मन मोकळं करतो, पण ओढ्याला पूर असताना निघत नाही. आपला शेतकरी जसा मृग कोरडा गेला तरी धूळपेरणीची घाई न करता आभाळाकडे बघत बसतो तसा. पुढे समुद्राशीही तेच, तीन रात्री दर्भावर पडून वाट मागितली, मगच बाण उचलला.

वाल्मीकी जेव्हा रामाचे गुण सांगतात तेव्हा मोठमोठ्या गोष्टींबरोबर अगदी घरातल्या वाटाव्या अशाही सांगतात, आणि मला त्याच जास्त आवडतात. तो कुणी भेटला की आपण आधी बोलायचा. कुणी कठोर बोललं तरी उलट उत्तर द्यायचा नाही. एक उपकार केला तरी त्यावर तृप्त, आणि शंभर अपराध केले तरी ते मनात मोजून ठेवायचा नाही. ज्या दिवशी राज्याभिषेक व्हायचा होता त्या दिवशी तो रात्रीचा एक प्रहर शिल्लक असतानाच उठला होता. (त्याआधी, विश्वामित्रांबरोबर निघाला तेव्हा मात्र पोरगाच होता, गवतावर गाढ झोपलेला, गुरूंनी हाक मारून उठवलं. तेव्हा तुलाही उठवावं लागतं हे मी मनावर घेत नाही.) आणि वनवासाला निघताना काय केलं? नोकरचाकरांना पुढच्या दिवसांची बेगमी दिली आणि सांगितलं, आम्ही येईपर्यंत माझं आणि लक्ष्मणाचं घर ओस ठेवू नका. राज्य गेलं त्या दिवशी या माणसाला घरातल्या माणसांच्या दाण्यापाण्याची आठवण राहिली. माझ्यासाठी राम तिथं आहे, तुझ्या त्या टीव्हीवरल्या बाणांच्या आगीत नाही.

अजून एक गोष्ट, तीच मला सगळ्यांत मोलाची वाटते. रावणाचा भाऊ बिभीषण समुद्र ओलांडून आला आणि आश्रय मागू लागला. शत्रूचा भाऊ! रामाच्या मनात त्याला घ्यायचं होतं, पण तो लगेच बोलला नाही. त्यानं सुग्रीवाला बोलू दिलं, अंगदाला, शरभाला, जांबवंताला, मैंदाला, शेवटी हनुमानाला. बहुतेकांनी शंका काढल्या, त्यानं सगळ्या ऐकल्या, आणि मग आपलं सांगितलं. वानरांना आणि अस्वलांनाही विचारणारा हा राजा.

आणि आता तुझ्या प्रश्नाशी येते.

उत्तरकांडात भद्र नावाचा एक सोबती लोकांची कुजबुज रामाला सांगतो. राम तिन्ही भावांना बोलावतो. आणि त्यांना विचारत नाही, सांगतो. उद्या सकाळी सीतेला गंगेपलीकडे सोडून ये, असं लक्ष्मणाला, आणि मला उलट बोलू नका, अशी तिघांना शपथ घालतो. शत्रूच्या भावासाठी ज्यानं सेनेला विचारलं, त्यानं बायकोसाठी सख्ख्या भावांची तोंडं बंद केली. चार महिने पावसात थांबणाऱ्याला एक रात्र थांबता आलं नाही. पोरी, मला हे पटलेलं नाही. वडिलांनी तो अध्याय वाचला त्या संध्याकाळी बाया काही न बोलता उठून गेल्या होत्या, एरवी दारात अर्धा तास गप्पा चालत. वडिलांनीही कुणाला समजावलं नाही. राजधर्म, लोकापवाद, सगळं मी ऐकलंय, कीर्तनात ऐकलंय, पुस्तकांत वाचलंय, उत्तरकांड मागून जोडलेलं आहे असं म्हणणाऱ्यांचंही वाचलंय. तरी ती रात्र माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि ती उतरलीच पाहिजे असं मी तुला सांगणार नाही.

पण तुझ्या-माझ्या आधी बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी आपल्या विदर्भाच्याच एका माणसाला ती उतरली नव्हती. भवभूती. पद्मपूरचा, म्हणजे गोंदियाकडच्या आमगावजवळचं पदमपूर ते हेच असं जाणकार मानतात. नीलकंठ आणि जातुकर्णीचा मुलगा. रामावर त्यानं एक नाटक आधी लिहिलं होतं, 'महावीरचरित', त्यात पराक्रमच पराक्रम. पण त्याचं मन तिथं थांबलं नाही, तो पुन्हा बसला आणि 'उत्तररामचरित' लिहिलं, सात अंकी, नेमकं त्या रात्रीबद्दल. आणि त्यानं काय केलं ते बघ. त्या रात्रीआधी त्यानं घरातली सगळी मोठी माणसं गावाला पाठवून दिली! वसिष्ठ, अरुंधती, कौसल्या आणि बाकीच्या सासवा, सगळे ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या यज्ञाला गेलेले. सीता भिंतीवरची चित्रं बघून दमलेली, रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपलेली, आणि दुर्मुख नावाचा हेर येऊन कानात लोकांची ती कुजबुज सांगतो. विचारायला घरात कुणी नाही. भवभूतीनं रामाला वाईट ठरवलं नाही, एकटं ठरवलं. आणि बातमी कळल्यावर अरुंधती काय म्हणते? जिथं सून नाही त्या अयोध्येत मी पाऊल ठेवणार नाही. कौसल्येसकट सगळ्या सासवा तिच्या बाजूनं उभ्या राहतात. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

मग तो रामाला बारा वर्षांनी पुन्हा पंचवटीत आणतो. सीता तिथंच असते, पण गंगेच्या वरानं कुणाला दिसत नाही. तिची सखी, वनदेवता वासंती रामाला तोंडावर बोलते, फार बोलते, आणि राम ऐकून घेतो, रडतो, बेशुद्ध पडतो, आणि सीतेच्या न दिसणाऱ्या हातानं सावध होतो. त्या रात्री त्यानं जे ऐकलं नाही ते बारा वर्षांनी एका वनदेवतेकडून ऐकतो. शेवटी लव-कुश भेटतात, सगळ्या लोकांसमोर सीता परत येते आणि नाटक संपतं. मूळ गोष्टीत सीता भुईत जाते. भवभूतीनं तिला जाऊ दिलं नाही. कुणी याला कवीची मनमानी म्हणेल, मी म्हणणार नाही. मला वाटतं, रामावर खरं प्रेम असल्यावाचून असं करता येत नाही. ज्याच्यावर माया नाही त्याची चूक माणूस एका वाक्यात सांगून मोकळा होतो. माया असली की सात अंक लागतात.

या भवभूतीचं कौतुक त्याच्या हयातीत फारसं झालं नसावं. दुसऱ्या एका नाटकात तो म्हणतो की माझ्यासारखा कुणी कधीतरी जन्मेल, काळाला शेवट नाही आणि पृथ्वी मोठी आहे. असं म्हणून तो लिहीत राहिला.

हे झालं पुस्तकातलं. आपल्या मातीनं काय केलं तेही सांगते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे. तिथं सीतेचं देऊळ आहे आणि त्यात राम नाही. लोक सांगतात, सोडल्यावर सीता इथं आली, लव-कुश इथंच झाले, तिनं दारोदार मूठभर गहू मागितले आणि गावानं दिले नाहीत, म्हणून गावात गहू पिकेनासा झाला. बाजूला आडवा पडलेला मोठा मारुती आहे, लव-कुशांनी बांधून टाकलेला म्हणतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, नवऱ्यानं टाकलेल्या आणि एकटीनं पोरं वाढवलेल्या बायांचं ते देऊळ म्हणून. तुझा प्रश्न रावेरीच्या बायांनी कितीतरी पिढ्या आधी विचारला, आणि रामाशी भांडण न करता त्याचं उत्तर दगडात बांधून ठेवलं. त्याच बाया रामनवमीला पाळणाही हलवत असतील. मीही हलवते. ज्यानं पावसात चार महिने काढले, ज्यानं नोकरांची बेगमी करून घर सोडलं, जो आपल्या आजीच्या मायेवाचून वाढला, त्या बाळाचा पाळणा हलवताना माझा हात अडखळत नाही, आणि त्या रात्रीबद्दल मला जे वाटतं तेही बदलत नाही. दोन्ही एकाच मनात राहतात, पोरी. तुझ्याही राहतील, त्यांना थोडी जागा आणि थोडे दिवस दे.

तू मला मागे सांगत होतीस की तुझ्या मैत्रिणीनं काही केलं आणि तू तिला एका दिवसात तोडलंस, मेसेजही पुसून टाकलास. खरंखोटं तुम्हा दोघींना ठाऊक, मी त्यात पडत नाही. पण तिला अजून कुणी विचारलंय का, आणि तिच्या बाजूनं बोलायला तुझ्या खोलीत कुणी होतं का, एवढं बघशील? घाई नाही. पहाटे उठशील तेव्हा बघ.

आणि एक सांगायचं राहिलं. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल. पऱ्हाटीची बोंडं फुटली की पहिल्या वेचणीच्या दिवशी आपल्याकडे वावरात सीतादही करतात. सीता म्हणजे नांगराचं तास, जनकाला ती तिथंच सापडली. झाडाशी पूजा मांडायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बायांनी ओटी बांधून कापूस वेचायला घ्यायचा. आधी तिचं, मग आपलं. पाऊसपाणी नीट झालं तर यंदा दसऱ्याच्या पुढेमागे तुझ्या काकाच्या वावरात होईल. तारीख आधी सांगता येत नाही, बोंड फुटेल तेव्हा. दोन दिवस आधी फोन करीन, जमवून ये. तेव्हा रात्री ओसरीवर बसू, आणि तुला अजून जे विचारायचं असेल ते विचार, मी ऐकून घेईन.

दही आदल्या रात्री विरजावं लागतं.

तुझी,
आजी